कोपराची खूण

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक सुतार होता. आता सुतार कुठल्या गावात नसतो म्हणा! पण हा खिडक्यांचा सुतार होता. दारं, नांगर, पाळणे गावातले बाकीचे सुतार करायचे. खिडकी मात्र याच्याच हातची लागायची. खिडकीचा विषय निघाला की हा जेवणाच्या ताटावरून उठायचा.

खिडकीत काय काय असतं, हे ऐकायचं तर त्याच्याकडूनच ऐकावं. "चौकट म्हणजे खिडकीचा सांगाडा," तो म्हणायचा. "ती वाकडी, तर सगळंच वाकडं. चौकटीला बिजागऱ्यांनी लटकतात त्या झडपा. झडपा धरून ठेवते ती कडी, आणि कडी ज्यात अडकते तो कोयंडा. चोराला अडवतात ते गज. पाऊस अडवतो तो वरचा छज्जा. आणि खाली, जिथं माणूस हात टेकतो, तो कट्टा. यातलं एक जरी चुकलं ना, तर ती खिडकी नाही, भिंतीला पडलेलं भोक आहे!"

त्या गावात एक रीत होती. नवं घर बांधताना भिंत कमरेच्या वर आली की गवंडी थांबायचे. घरधनी आत ताठ उभा राहायचा आणि हात कोपरात दुमडायचा. मग सुतार गेरूत अंगठा बुडवायचा आणि जिथं कोपर येईल तिथं भिंतीवर खूण करायचा. खुणेला नारळ फोडायचा, गूळखोबरं वाटायचं आणि बरोबर त्या खुणेवर खिडकीचा कट्टा बसवायचा. गावात याला कोपराची खूण म्हणत. रीत काही वेडेपणाची नव्हती. कट्टा तेवढ्या उंचीवर असला की शेळ्या आत शिरत नसत, गल्लीतल्यांची नजर चुलीपर्यंत पोचत नसे आणि घरधन्याला कट्ट्यावर कोपरं टेकून येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलता येत. गावातल्या एकूण एक घरात आपल्या सुताराचा अंगठा भिंतीवर उमटलेला होता, आणि त्याला त्याचा फार अभिमान होता.

त्याच्या स्वतःच्या घराला मात्र गल्लीकडून खिडकी नव्हती. लोकांची कामं आधी, आपलं काय, कधीही करू, असं म्हणता म्हणता राहून गेलं होतं. आणि तसं अडत तरी कुठं होतं? त्याची बायको सकाळची कामं उरकली की ओट्यावर येऊन बसायची. तिथून सगळी गल्ली तिच्या ताब्यात. कुणाची सून माहेरी निघाली, कुणाच्या म्हशीला आज दूध कमी, कुणी कुणाशी बोलत नाही, हे सुतारणीला आधी कळायचं आणि मग गावाला. जिभेची तिखट होती, पण लोक मुद्दाम तिच्या ओट्यावरून वाट काढून जायचे.

एके दिवशी ही बाई चिंचा काढायला झाडावर चढली. या वयात झाडावर चढायला सांगितलं होतं कुणी? पण सांगून ऐकेल ती सुतारीण कसली! फांदी मोडली, बाई खाली आली आणि कमरेजवळचं हाड मोडलं.

वैद्य आले. त्यांनी पट्ट्या बांधल्या, लेप लावला आणि सुताराला बजावलं, "जमिनीवर सतरंजी घालून निजवा. बाज नको, पलंग नको, उशीसुद्धा नको. हाड जुळेपर्यंत उचलायचं नाही, बसवायचं नाही, जागचं हलवायचं नाही. जरा हललं, तर जन्माचं अधूपण येईल."

तर सुतारीण गल्लीकडच्या भिंतीशी जमिनीवर आडवी झाली. भिंतीच्या पलीकडून माणसांचे आवाज यायचे, पण दिसायचं कुणी नाही. शेजारीण सकाळ-संध्याकाळ येऊन तिचं हवं-नको बघायची आणि आपल्या संसाराला पळायची. मग दिवसभर सुतारीण आणि छपराचे वासे.

काही दिवसांनी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला या भिंतीत एक खिडकी करून द्या. गल्ली बघत तरी पडून राहीन."

सुताराला मनापासून आनंद झाला. बायकोने जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं होतं, आणि तेही खिडकी! "अगं, अशी खिडकी करतो की गाव बघत राहील," तो म्हणाला. त्याने लगोलग गेरू कालवला, भिंतीशी ताठ उभा राहिला, हात दुमडला आणि आपल्याच कोपराशी खूण करू लागला.

"इतक्या वर कशाला?" सुतारीण खालून म्हणाली. "माझ्या कोपराचं माप घ्या की. माझं कोपर इथं आहे, जमिनीवर."

सुतार हसला. "खुळी आहेस का? माप घरधन्याचं असतं. आणि खाली घेतली तर शेळ्या आत येतील."

"येऊ देत."

"काहीतरीच तुझं," असं म्हणून त्याने खूण केली. भिंत फोडली आणि खिडकी बसवली.

खिडकी खरोखर देखणी होती. सागवानी चौकट, दोन झडपा, झडपांवर कोरलेली वेल, पितळी बिजागऱ्या. गल्लीतून जाणारा माणूस थांबून बघायचा. सुताराने झडपा उघडल्या आणि बायकोला विचारलं, "कशी आहे?"

"छान आहे हो," ती म्हणाली. "पण वारा वरून जातो. माझ्या अंगाला लागत नाही."

सुताराने यातलं वाऱ्याचं तेवढं ऐकलं. वारा लागत नाही म्हणजे झडपांत काहीतरी चुकलं. त्याने त्या झडपा काढल्या आणि झिलमिलीच्या बसवल्या. झिलमिली म्हणजे आडव्या तिरप्या पट्ट्या. खिडकी बंद असली तरी फटींतून वारा खेळतो, पाऊस मात्र आत येत नाही. एकेक पट्टी त्याने अशी तासली की बोटाच्या टोकानं वर-खाली व्हावी.

"पट्ट्या छान झाल्यात," सुतारीण म्हणाली. "पण आता उजेडही कमी झाला. आणि खाली असती तर…"

"उजेड ना? थांब," सुतार म्हणाला आणि पुढचं ऐकायला उभाच राहिला नाही. झिलमिली गेली आणि काचेची तावदानं आली. तांबडी, हिरवी, निळी, पिवळी. ऊन पडलं की समोरच्या भिंतीवर रंग सांडायचे. गावातली पोरं बाहेरून काचेला नाकं लावायची. सुतारीण खालून फक्त चपटी झालेली नाकं बघायची, आणि तीसुद्धा थोराड पोरांचीच. लहान पोरांची नाकं कट्ट्यापर्यंत पोचत नव्हती.

"रंग गोड आहेत," ती म्हणाली. "पण माणसं दिसत नाहीत हो. कोण येतं, कोण जातं, काही कळत नाही."

इथं तरी सुताराने खाली वाकून बघायला हवं होतं की नाही? पण छे! माणसं दिसत नाहीत म्हणजे झरोका हवा, असं त्याने ठरवलं. झरोका म्हणजे भिंतीच्या बाहेर काढलेली खिडकी. तिला तीन बाजू असतात, वर आपलं छोटं छप्पर असतं, आणि तिच्यात उभं राहिलं की गल्लीचं एक टोक डावीकडे दिसतं, दुसरं उजवीकडे. उभं राहिलं की! सुतार आपला रोज त्यात उभा राहायचा, कट्ट्यावर कोपरं टेकायचा आणि बायकोला ओरडून सांगायचा, "अगं, पार वेशीपर्यंत दिसतंय!"

"दिसू दे," सुतारीण म्हणायची.

पुढं तीही म्हणेनाशी झाली. तिने तोंड आतल्या भिंतीकडे वळवलं. शेजारणीनं आणलेली भाकरी तशीच राहू लागली. पहिल्यांदा अर्धी राहायची, मग सगळीच. जिच्या तिखट बोलण्यावर गल्ली चालायची, ती "हं" आणि "नको" एवढंच बोलू लागली.

वैद्य तपासायला आले आणि बाहेर येऊन सुतारापाशी थांबले. "हाड जुळतंय," ते म्हणाले. "हाडाची काळजी नाही. पण बाईंच्या मनातून जगणं उतरलंय. अन्न असंच नाकारत राहिल्या, तर जुळलेलं हाड घेऊन उठायला त्या राहायच्या नाहीत. स्पष्ट सांगतो, पावसाळा निघणं कठीण आहे."

सुताराचा या बाईवर फार जीव होता. आता जीव असून त्याने चालवलं होतं काय, हा प्रश्न निराळा. आपण एवढ्या खिडक्या केल्या, तरी हिला बरं कसं वाटत नाही, हे कोडं त्याला सुटेना. अजून एखादी तऱ्हा राहिली का? छपरातच खिडकी काढावी का? त्याचं डोकं त्याच वाटेनं धावत होतं.

एव्हाना त्या झरोक्याची कीर्ती राजधानीपर्यंत पोचली होती. राणीसाहेबांचा नवा महाल बांधायचा होता आणि त्याला खिडक्या कुणाच्या हातच्या घ्यायच्या, हे ठरायचं होतं. निरोप आला की राणीसाहेबांचे कारभारी स्वतः खिडकी बघायला येणार आहेत, पसंत पडली तर महालाच्या सगळ्या खिडक्या या सुताराच्या. अख्ख्या आयुष्यात सुताराने दुसरं काही मागितलं नव्हतं.

कारभारी यायचे त्या सकाळी सुतार झरोका पुसत होता. तेल लावलं, पितळ घासलं, बिजागऱ्या तपासल्या. एका बिजागरीची खिळी सैल होती. ती ठोकायला म्हणून काढली, तर हातातून निसटली आणि टणटण करत जमिनीवर घरंगळत गेली, नेमकी सुतारणीच्या अंथरुणाकडे. सुतार गुडघ्यांवर आला, मग पोटावर आला. सतरंजीच्या कडेला चाचपता चाचपता खिळी एकदाची हाताला लागली. कंबर अवघडली होती, म्हणून उठण्याआधी तो क्षणभर तिच्याशेजारी उताणा झाला आणि त्याची नजर वर खिडकीकडे गेली.

खिडकी कुठं होती? वेशीपर्यंतची गल्ली कुठं होती? त्याला दिसली कट्ट्याची खालची बाजू. तिला त्याने रंधाच मारला नव्हता. करवतीचे चरे तसेच, कोळशाच्या खुणाही तशाच. ही बाजू कोण बघतंय, म्हणून सोडून दिलेली होती. त्याच्या वर झरोक्याच्या छपराचं पोट दिसत होतं, तेही खडबडीत. तिथं कोपऱ्यात गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. आणि पोळ्याच्या बाजूला दोन बोटं आभाळ.

"हे दिसतं तुला?" त्याने विचारलं.

सुतारणीने मान वळवली. "होय," ती म्हणाली. "ती कट्ट्याखालची गाठ बघा. सकाळी सशासारखी दिसते. ऊन चढलं की म्हाताऱ्यासारखी. आधी मी तिच्याशीच बोलायचे. आता तिचाही कंटाळा आला."

सुताराला रडू आलं. गावातल्या प्रत्येक खिडकीत आपण उभं राहून बघितलं आणि इथं, आपल्या घरात, एकदाही आडवं होऊन बघितलं नाही. आणि तिने तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं! याची त्याला इतकी लाज वाटली की उठवेना.

पण उठला. बाहेर उन्हाचा अंदाज घेतला. कारभारी कोणत्याही क्षणी येतील. दोन दिवसांनी भिंत फोडली तर काय बिघडेल? कारभारी येऊन, बघून, पसंत करून जातील, मग निवांत फोडू. त्याच्या मनात हे आलं, नाही असं नाही. तो कट्ट्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. मग त्याची नजर उशाशी झाकून ठेवलेल्या कालच्या भाकरीकडे गेली.

त्याने गेरूची वाटी आणली, पाणी घातलं, अंगठा बुडवला आणि बायकोजवळ मांडी घालून बसला.

"कोपर कुठंय तुझं?"

सुतारीण त्याच्याकडे बघत राहिली. "इथंच आहे," ती म्हणाली. "जाणार कुठं?"

त्याने तिच्या कोपराशी, जमिनीच्या वर जेमतेम वीतभर, भिंतीवर खूण केली. तिच्या अंगावर चादर घातली, वरून जुना दरवाजा तिरपा टेकवून ठेवला म्हणजे माती उडायची नाही, आणि मग पहार उचलली. झरोक्याची चौकट त्याने खिळ्याखिळ्यानं उतरवली. तावदानं अंगणात नेऊन ठेवली. ती ठेवताना दोन फुटली, तिकडे बघितलंसुद्धा नाही. कट्टा निघाला, कट्ट्याखालची भिंत धडाधड खाली आली आणि उजेड थेट जमिनीवर पडला.

सुताराने दरवाजा बाजूला केला. सुतारणीच्या डोळ्यांसमोर गल्ली होती. आधी पाय दिसले, मग पायांवरची माणसं. पाणी घेऊन येणाऱ्या बायका होत्या, बैलगाडीचं चाक होतं, धुळीत लोळणारं कुत्रं होतं. ती नुसती बघत राहिली.

नेमके त्याच वेळी कारभारी आले. घोड्यावरून उतरले, उपरणं सावरलं आणि आजूबाजूला बघू लागले. "झरोका कुठाय?"

"काढला, साहेब," सुतार मातीनं माखलेल्या अंगानं म्हणाला.

"काढला? मग आम्ही बघायचं काय?"

"ही खिडकी आहे की."

कारभाऱ्यांनी त्या भगदाडाकडे बघितलं. "ही? जमिनीलगत? अहो सुतार, खिडकी आहे का शेळ्यांचा दरवाजा?"

आता या गोष्टीत नाव असलेलं एकच पात्र आहे, ते इथं येतं. शेजारणीची शेळी, तिचं नाव बांडी. काळीपांढरी, बिनशिंगाची आणि महा आगाऊ. गल्लीत नवं भोक पडलेलं बघून ती कारभाऱ्यांच्या पायांमधून वाट काढत आली, भगदाडात मान घातली, मग पुढचे पाय घातले आणि सरळ आत शिरली. उशाशी झाकलेली भाकरी तिला लागलीच सापडली. तिने ती ओढली.

"अगं अगं अगं! सोड मेले!" सुतारीण ओरडली. किती दिवसांत तो आवाज गल्लीने ऐकला नव्हता! "माझी भाकरी आहे ती! जरा माणूस आडवं झालं तर लुटायला निघालीस होय? आणि पाय बघा हिचे, चिखलानं भरलेत. हिची मालकीण कुठं गेली गप्पा मारायला?"

शेळीने भाकरी सोडली नाही. एका बाजूने शेळी, एका बाजूने सुतारीण. भाकरी तुटली, आणि सुतारीण हसायला लागली. कमरेला कळ येत होती, तरी हसत होती. "अहो, तुम्ही म्हणाला होतात ते खरं झालं," ती नवऱ्याला म्हणाली. "शेळी आत आली!" आणि हातात उरलेला शिळ्या भाकरीचा तुकडा तिने तोंडात घातला.

सुतार ती चावते आहे हे बघत उभा राहिला. कारभारी काहीतरी बोलले, रागावले, घोड्यावर बसून गेले. त्याने मान वर करून बघितलंही नाही.

महालाच्या खिडक्या दुसऱ्या गावच्या सुताराला मिळाल्या. त्या चांगल्या झाल्या असतील, नसतील. आपल्या गावातलं कुणी त्या बघायला गेलं नाही. इथं सुताराने त्या भगदाडाला साधी चौकट बसवली. साध्या दोन झडपा, उभे गज, वर पावसापुरता छज्जा. कोरीवकाम काही नाही. पण कट्ट्याच्या खालच्या बाजूलाही त्याने रंधा मारला, इतका की गाल टेकवावा. गजांतलं अंतर त्याने बांडीची मान मोजून ठेवलं. मान आत यावी, अंग येऊ नये. त्या खिडकीतून सुतारणीने पुन्हा गल्ली ताब्यात घेतली. लोक खाली वाकून तिच्याशी बोलू लागले. पावसाळा आला तसा गेला. सुतारीण काठी टेकत उठली, आणि उठल्यावरही बसायला तिला तीच जागा लागायची.

त्यानंतर कुणी खिडकी सांगायला आलं की सुतार आधी विचारायचा, "तिथं बसणार कोण? का निजणार कोण?" मग अर्धवट भिंतींत जाऊन कधी उकिडवा बसायचा, कधी पाळण्याच्या उंचीवर डोकं धरायचा, कधी सरळ मातीत आडवा व्हायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, "हसा, पण जरा सरका, तुमची सावली पडतेय." गेरूची खूण तो अजूनही करायचा आणि नारळही फोडायचा. मात्र त्या गावच्या खिडक्या आता एका रेषेत राहिल्या नाहीत. कुठं उंच, कुठं मध्ये, कुठं अगदी जमिनीलगत. परक्या माणसाला वाटायचं, या गावात माप घ्यायला कुणी शिकवलं नाही की काय.

वर्षं गेली. म्हातारपणी सुतारही अंथरुणाला लागला. सुतारणीने त्याची सतरंजी त्याच खिडकीशी घातली. तो आडवा झाला, हात दुमडला आणि त्याचं कोपर बरोबर कट्ट्याशी आलं. माप पुन्हा घ्यावं लागलं नाही. बाहेरून बांडीच्या नातीने गजांतून मान आत घातली आणि त्याची भाकरी शोधू लागली.

तात्पर्य: ज्याच्यासाठी काही करायचं, त्याच्या जागी आधी स्वतः जाऊन बघावं; आपल्या जागी उभं राहून घेतलेलं माप कितीही अचूक असलं, तरी ते आपलंच असतं.